पथारी हलवण्याचे विनाखर्च काम

कोकिळाताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी रडत होतो. ग्रामसेवक म्हणून नंदुरबारजवळच्या या गावी माझी नुकतीच बदली झाली होती. मी साताऱ्याकडचा माणूस. मिरची ताटात डावीकडे वाढतात, यापलीकडे माझे मिरचीविषयीचे ज्ञान नव्हते. रिक्षातून उतरलो तर समोरचे सगळे माळरान लालभडक. व्यापाऱ्याने शेतकऱ्यांकडून घेतलेली ओली मिरची उन्हात वाळायला पसरली होती आणि बायका रांगेने बसून देठ खुडत होत्या. याला इकडे पथारी म्हणतात. मी कौतुकाने एक मिरची उचलली, मोडून पाहिली, आणि शिंक आली तशी त्याच हाताने डोळे पुसले. नव्या साहेबांचे आगमन अशा थाटात झाले.

"भाऊ, हात लावू नको डोयाले. खाले बठ," असा आवाज आला आणि कुणीतरी पदराच्या आतल्या कोरड्या टोकाने माझे डोळे टिपले. दुसरीने तोंडावर पाणी मारले आणि ती हसत म्हणाली, "साहेब पहिलाच दिन रडी ऱ्हायना. हाऊ आमनं काय कल्यान करी?" डोळे टिपणाऱ्या त्या कोकिळाताई आणि हसणाऱ्या हिरकणबाई. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, भिंतीला भिंत लागून राहिल्या आणि पथारीवर कायम शेजारी बसल्या. हिरकणबाईंची मुलगी वंदना दोन्ही घरांत जेवून वाढली. कोकिळाताईंना ती मावशी म्हणायची.

ताईंच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी त्यांच्या कार्याविषयी लिहावे, असे समितीने सांगितले. मी आधी ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "लिखशात ते बठ्ठं लिखा." लिहाल तर सगळे लिहा. त्यांचा शब्द मी नोकरीत असताना कधी खाली पडू दिला नाही, आता निवृत्तीनंतर कुठे पाडू?

आरक्षणाची सोडत निघाली आणि ताई सरपंच झाल्या. तोवर आमची ग्रामसभा म्हणजे मी जमाखर्च घडाघडा वाचायचा आणि लोकांनी चहाची वाट पाहायची, असा प्रकार होता. बंधित निधी, अबंधित निधी, स्वउत्पन्न हे शब्द मी अशा झोकात म्हणायचो की मलाच ते मंत्र वाटायचे. ताईंनी पहिल्याच सभेत मला थांबवले आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, भाकर खातस तशा बोलीमा सांगा." त्या दिवशी मला कळले की मला ते सोपे करून सांगताच येत नाही. मग सभेच्या आदल्या दिवशी ताई माझ्यासमोर बसायच्या, एकेक रक्कम समजून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतः उभे राहून अहिराणीत सांगायच्या. पाणीपट्टी कुणाकुणाची आली, मोटार कशाने जळली, नळाला लागलेली तोटी कुठून आणली, सगळे. लोक चहा विसरले असे म्हणणार नाही, पण प्रश्न विचारू लागले.

त्यांची आणखी एक पद्धत होती. सभेत जो सर्वांत कडाडून विरोध करणार असेल, त्याला त्या पहिल्यांदा बोलायला लावायच्या. महिला सभेत हा मान बहुतेक वेळा हिरकणबाईंचा असे. हिरकणबाई मैत्रिणीची सालटी काढायच्या, ताई सगळे ऐकून घ्यायच्या आणि सभा संपली की दोघी एकाच वाटेने घरी जायच्या.

वैयक्तिक जिव्हाळ्याचा एक प्रसंग सांगतो. मला टायफॉइड झाला. मी एकटाच राहत होतो. ताईंनी खिचडीची सोय केली, सुनेला दोन वेळा डबा द्यायला लावला, आणि साताऱ्याला माझ्या पत्नीला फोन केला. अनोळखी नंबर, अनोळखी बोली. ताईंचे पहिले वाक्य होते, "बाई, घाबरू नका, तुमना साहेब जित्ता शे." पत्नी अर्थातच घाबरली. पण पुढे कित्येक वर्षे माझ्यापेक्षा ताईंशीच तिचे फोनवर जास्त बोलणे व्हायचे. मी निवृत्त झाल्यावर आम्ही इथेच घर बांधले, त्याला हेही एक कारण आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. शाश्वत विकासाची ध्येये गावात उतरवायची म्हणून वरून नऊ संकल्पना आल्या होत्या. गरिबीमुक्त गाव, निरोगी गाव, बालस्नेही गाव अशी ती नावे. ग्रामपंचायतीने त्यांतला एक संकल्प निवडायचा आणि वर्षाच्या आराखड्यात त्यानुसार कामे घ्यायची. पथारीची जागा पंचायतीची होती आणि तिचे भाडे हे आमचे सर्वांत मोठे उत्पन्न होते. त्याच जागेला लागून अंगणवाडी होती. वारा सुटला की मिरचीची धूळ सरळ आत जायची. सेविका खिडक्या लावून घ्यायच्या, तरी मुले खोकत. हंगामाच्या चार महिन्यांत त्या खोलीतून गाण्यापेक्षा खोकलाच जास्त ऐकू यायचा. ताईंनी 'निरोगी गाव' निवडायचे ठरवले आणि पथारी तिथून हलवायची असा विषय महिला सभेत मांडला.

हिरकणबाई उठल्या. "पहिलं नाव गरिबीनं शे ना? मंग तेच ल्या. खोकला दवाईघाई बरा व्हई. चुल्हा कसाघाई पेटी?" खोकला औषधाने जाईल, चूल कशाने पेटणार, हा त्यांचा सवाल.

ताई म्हणाल्या, "तुन्ही नात बी खोकली ऱ्हायनी, हिरकण." वंदना नवऱ्यामागे मुलीला घेऊन माहेरी आली होती आणि ती मुलगी त्याच अंगणवाडीत जात होती.

"माले माहीत शे," हिरकणबाई म्हणाल्या. "पन ती खोकलस आनि जेवस बी."

यावर उत्तर म्हणून ताईंनी शेडची योजना सांगितली. पाण्याच्या टाकीपलीकडे, वस्तीपासून दूर, पारदर्शक छताची शेड बांधायची. मिरची आत वाळेल, धूळ बाहेर येणार नाही. तिथेच निवड, तिथेच तिखट दळायची गिरणी. बायका मजूर न राहता गटाच्या मालकीण होतील आणि पंचायतीला भाडेही मिळेल. योजना चांगली होती. ग्रामसभेत दोन्ही ठराव मंजूर झाले, पथारी हलवण्याचा आणि शेड बांधण्याचा.

आणि इथे ती चूक झाली, जी पंचायतीत बसणारी माणसेच करू शकतात. आराखड्यात कामांची वर्गवारी असते. पैसे लागणारी कामे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निधी या वाटेने जातात. पैसे न लागणारी कामे विनाखर्च कामे म्हणून वेगळी दाखवतात आणि ती आधी उरकायची असतात, म्हणजे संकल्पाची प्रगती दिसते. पथारी हलवायला पंचायतीला काहीच लागणार नव्हते, व्यापाऱ्याला जागा नाकारली की झाले. म्हणून ती विनाखर्च कामांत गेली आणि लगेच झाली. शेड खर्चाच्या कामांत गेली आणि रांगेत उभी राहिली. आराखड्याच्या समितीत आम्ही सगळे होतो, सगळ्यांनी सह्या केल्या. कुणालाही त्यात वावगे दिसले नाही.

व्यापाऱ्याने लांबच्या गावात जागा पाहिली आणि तिथलीच माणसे कामाला घेतली. अंगणवाडीच्या खिडक्या उघडल्या. मुले बरी झाली, हे मी स्वतः पाहिले आहे. गेलेले भाडे भरून काढायला ताईंनी घरपट्टीची वसुली स्वतःच्या दिराच्या घरापासून सुरू केली आणि दिरांनी वर्षभर त्यांच्याशी अबोला धरला. ताई आठवड्याला नंदुरबारला जाऊन शेडच्या फाइलची चौकशी करत. फाइल कधी साहेबांच्या टेबलावर असे, कधी साहेब बैठकीत असत. पहिला हंगाम कोरडा गेला. दुसरा समोर आला, तेव्हा ऊसतोडीची गाडी गावात आली आणि देठ खुडणाऱ्या बायका गुजरातेत निघाल्या. त्यांत हिरकणबाई होत्या. त्या आजवर कधी ऊसतोडीला गेल्या नव्हत्या, आणि त्यांचे ते वयही नव्हते. वंदना मुलीला चुलतबहिणीकडे ठेवून त्यांच्यासोबत निघाली.

ताई गाडीपाशी गेल्या. "हाऊ हंगाम थांबी जाय, हिरकण. शेड व्हई जाई."

"व्हई तवय बलाव," हिरकणबाई म्हणाल्या. "मी येसू." रागाने नाही, नेहमीच्याच थट्टेच्या सुरात म्हणाल्या. मी तिथे होतो.

उसाच्या फडावरच त्यांना ताप भरला. दवाखाना लांब होता, न्यायला उशीर झाला आणि हिरकणबाई गेल्या. भर दुपारी जीपमधून त्यांना गावात आणले. ताई धावत गेल्या. वंदना दारात उभी होती. तिने वाट अडवली नाही, आवाजही चढवला नाही. एवढेच म्हणाली, "सरपंचबाई, तुम्ही घर जा." मावशी हा शब्द तिने त्या दिवशी टाकून दिला आणि आजतागायत उचललेला नाही.

ताई घरी गेल्या नाहीत. पंचायतीत येऊन बाकावर बसल्या. बऱ्याच वेळाने मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, पथारीना कामपुढे काय लिखेल व्हतं?" त्यांना ते पाठ होते. "काहीच लागाव नहीं, असं लिखेल व्हतं ना," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. मीही रडलो. शासकीय कार्यालयात ते शोभले की नाही, ठाऊक नाही.

पथारी हलवण्याचा निर्णय बरोबर होता, हे मी आजही लिहून देईन. आधी शेड आणि मग पथारी, असा क्रम असता तर हिरकणबाई कदाचित आज या ग्रंथात मैत्रिणीवर लेख सांगून लिहवून घेत असत्या, आणि तो माझ्यापेक्षा खुमासदार झाला असता. ताईंना हे कुणी सांगावे लागत नाही. त्या वेळी गावात अनेकांना वाटले की ताई राजीनामा देतील. मीही तसे सुचवले. त्या म्हणाल्या, "मी गयू ते शेड कोन करी?" आणि पुन्हा नंदुरबारची वाट धरली.

शेड झाली. आज बाहेरगावची मंडळी ती पाहायला येतात, फोटो काढतात. तिखटाच्या पाकिटावर गावाचे नाव आहे, पंचायतीला भाडे मिळते आणि पुष्कळ बायकांनी गुजरातची वाट सोडली. गटाची अध्यक्ष वंदना आहे. मालाची पारख तिच्याइतकी कुणाला नाही. ताई सरपंच होत्या तोवर ग्रामसभेत वंदना त्यांच्याविरुद्ध बोलायची आणि ताई तिलाच पहिल्यांदा बोलायला सांगायच्या. तिचा मुद्दा बरोबर असला की तसा ठराव करायच्या. सभा संपली की मात्र दोघी दोन वाटांनी जायच्या.

एकसष्टीच्या समारंभात औक्षण ठेवायचे समितीने ठरवले, तेव्हा ताई म्हणाल्या, "वंदना ओवायी ते मी बठसू. दुसरं कोनी नको." हा निरोप घेऊन मी शेडमध्ये गेलो. वंदनाने मला चहा दिला. माझे सगळे बोलणे ऐकले. मग हातातली मिरची खाली ठेवून म्हणाली, "भाऊसाहेब, शेड चांगली शे. मन्ही पोर बी बरी शे. माले बठ्ठं समजस. पन मन्हा हात उठाव नहीं. आते नहीं." हात उठणार नाही, आत्ता नाही.

मी परत येऊन ताईंना सांगितले. त्या अंगणात दाणे निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवले आणि विचारले, "'नहीं' म्हनी, का 'आते नहीं' म्हनी?"

"आते नहीं म्हणाली."

"मंग ठीक शे," ताई म्हणाल्या आणि पुन्हा सूप हातात घेतले.

तेव्हा समारंभाला येणाऱ्या सुहृदांना आधीच सांगून ठेवतो. शाल असेल, श्रीफळ असेल, आमच्यासारख्यांची भाषणेही असतील, पण औक्षण असणार नाही, आणि त्याबद्दल कृपया कुणी विचारू नये. आदरणीय कोकिळाताईंना शुभेच्छा देताना शंभर वर्षांचा हिशेब मला मांडवत नाही. वंदनाला जितका वेळ लागेल तितके आयुष्य त्यांना मिळो, आणि ती ताट घेऊन येईल त्या दिवशी पाटावर ताठ बसता येईल अशी त्यांची प्रकृती राहो.