लायसन्स मिलिंदचं, डाव काकूंचा

यातला शब्द न् शब्द खरा आहे. हवं तर शपथ घेतो. शपथ घ्यायची मला सवय आहे, कारण मी दुबईत एका कॅसिनो कंपनीच्या कम्प्लायन्समध्ये, म्हणजे नियम सांभाळणाऱ्या खात्यात बसतो आणि आमच्याकडे चहाचं नवीन मशीन आणायचं तरी आधी डिक्लरेशन लागतं. आता माणसांची नावं बदलली आहेत, ते सोडा. एक किस्सा माझ्यासमोर घडलाच नाही, तेही सोडा. आणि एका ठिकाणी मी थोडं पदरचं घातलंय. बाकी सगळं खरं.

असे किस्से साठतात कसे? इथे अल मनखूलमध्ये कुणाच्या फ्लॅटवर सत्यनारायण असला की दाराबाहेर चपला साठतात ना, तसे. आधी दोन-तीन जोड नीट भिंतीला लावलेले असतात, मग ढीग होतो, आणि निघताना कुणाच्या पायात कुणाचं काय येईल सांगता येत नाही.

तर एवढं आधी समजून घ्या. या देशात जुगार बंद. मग सरकारनं एक रेग्युलेटर नेमला आणि ठरलं की लायसन्स असेल तर चालेल. आमची कंपनी समुद्राकाठी रिसॉर्ट बांधतेय, त्यात कॅसिनो. पण नुसतं कंपनीला लायसन्स मिळून भागत नाही. पत्ते वाटणारा, चिप्स मोजणारा, वरून कॅमेऱ्यातून बघणारा, प्रत्येकाला स्वतःचं लायसन्स लागतं. आणि ते देण्याआधी रेग्युलेटर माणसाला उलटासुलटा करून बघतो.

वरून बघणारा आमचा मिलिंद करंदीकर. मूळचा सातारचा. एका मॉलच्या कॅमेरा रूममधली चांगली नोकरी सोडून आमच्याकडे सर्व्हेलन्सचा हेड म्हणून आला. लायसन्स आलं तर नोकरी, नाही आलं तर व्हिसाही खलास. मुलगी बारावीला. तेव्हा आम्हाला जे किस्से वाटत होते, ते मिलिंदला वाटत नव्हते.

*

पहिला प्रश्न घरी काय सांगायचं. ऑफिसातल्या सगळ्या मराठी मंडळींनी “हॉस्पिटॅलिटीत आहे” असं सांगून वेळ मारून नेली. माझ्या मावशीला अजून वाटतं मी हॉस्पिटलात आहे. ती फोनवर गुडघ्यांबद्दल विचारते. मी सांगतोही.

मिलिंदला ती सोय नव्हती. त्याचे वडील, अण्णा, रिटायर्ड फौजदार. सगळी नोकरी जुगाराचे अड्डे मोडण्यात गेली. त्यांना हॉस्पिटॅलिटी पचली नाही. फोनवर म्हणाले, “नीट बोल.”

मिलिंदनं नीट सांगितलं.

“म्हणजे मी ज्यांना पकडत होतो, त्यांच्यात तू जाऊन बसलास.”

“अण्णा, मीही त्यांच्यातल्या लबाडांना पकडायलाच बसतोय. फक्त आधी खुर्ची देतो.”

अण्णा म्हणाले, “आम्ही खुर्च्या जप्त करायचो.”

*

मग मुलाखत. रेग्युलेटरकडून आल्या मरियम मॅडम. वयानं तरुण, आवाज हळू, आणि एकदा प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत पापणी हलत नाही. माणसं आपणहून कबुली द्यायला लागतात. आमचे साहेब ब्रायन, ज्यांनी तीन देशांत कॅसिनो चालवले, ते त्यांच्यासमोर शाळेत न विचारता पाणी प्यायल्याचं सांगून बसले.

मॅडमनी मिलिंदला विचारलं, “तुम्ही कधी जुगार खेळलात?”

दुसरा कुणी ‘नो’ म्हणून मोकळा झाला असता. मिलिंद फौजदाराचा मुलगा. म्हणाला, “गणपतीत बदाम सात खेळायचो मॅडम. भुईमुगाच्या शेंगा लावून.”

“शेंगांची किंमत?”

“माहीत नाही मॅडम. जिंकणारा खाऊन टाकायचा.”

मॅडमनी शांतपणे लिहून घेतलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, “स्टेक्स वेअर डिस्ट्रॉइड.”

*

लायसन्सवाल्या माणसानं कुठेही जुगार खेळायचा नाही, असा नियम आहे. मिलिंदला लायसन्स मिळायचं होतं, पण नियम त्यानं आधीच लागू केला. स्वतःला, बायकोला, मुलीला आणि शेजारच्या मल्याळी कुटुंबाला.

सुपरमार्केटमध्ये कॅशियरनं लकी ड्रॉचं कूपन पुढे केलं की हा हात मागे घ्यायचा. कॅशियर म्हणायची, “सर, इट्स फ्री.” हा म्हणायचा, “म्हणूनच भीती वाटते.” त्याच्या बायकोनं, स्नेहा वहिनींनी मात्र मागच्या मागे एक कूपन भरलं, आणि त्यांना प्रेशर कुकर लागला.

दुसऱ्या दिवशी मला मिलिंदची ऑफिशियल ईमेल. सब्जेक्ट, ‘कुकर’. घरात ड्रॉमध्ये जिंकलेला कुकर आहे, त्यात आमटी झाली आहे, ती मी खाऊ शकतो का, कृपया मार्गदर्शन करावे.

मी उत्तर दिलं, “कुकरच्या बेनिफिशियल ओनर वहिनी आहेत. आमटी संयुक्त मालमत्ता आहे. हरकत नाही.”

त्यानं ती ईमेल जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवली म्हणे. मुलगी म्हणाली, “बाबा, प्लीज, जस्ट ईट.”

(हा तो किस्सा, जो माझ्यासमोर घडला नाही. पण ईमेल माझ्याकडे आहे.)

*

रिसॉर्ट अजून बांधून व्हायचंय, म्हणून आमचा ट्रेनिंग हॉल अल क्वोजमध्ये, एका गोडाऊनमध्ये. एका बाजूला सोफ्याला कव्हरं शिवणारे, दुसऱ्या बाजूला मार्बल कापणारे. मार्बलवाल्यानं मशीन लावलं की पत्त्यांवर पांढरी पूड बसते आणि राजा पावडर लावल्यासारखा दिसतो. आत हिरवी टेबलं, वर छतभर कॅमेरे आणि जिन्यानं वर गेलं की मिलिंदची खोली, भिंतभर स्क्रीन.

कॅमेरे बघायला मरियम मॅडम आल्या. वर न जाता खालीच एका टेबलापाशी बसल्या, इथला कडक दुधाळ करक चहा घेतला, बिस्किटं घेतली, चहा संपवला आणि मगच वर गेल्या.

“मी किती बिस्किटं घेतली?”

“तीन,” मिलिंद म्हणाला.

“दोन,” मॅडम म्हणाल्या.

“खाल्ली दोन मॅडम. तिसरं तुम्ही बशीखाली सरकवलंत.”

मी खाली जाऊन बशी उचलली. बिस्किट होतं. मॅडमनी मान हलवली आणि म्हणाल्या, “दॅट वॉज द ईझी वन.”

*

त्याच सुमारास अण्णा आणि काकू व्हिजिट व्हिसावर आले. काकू म्हणजे मिलिंदची आई. बारीक अंगाच्या, बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. अण्णा मोठे, मिशीवाले, बोलायला लागले की लिफ्टमधली माणसं सरळ उभी राहतात.

एका शुक्रवारी मी त्यांच्या घरी जेवायला गेलो. जेवण झाल्यावर मेंढीकोट मांडला. समोरासमोर बसणारे दोघं एकमेकांचे भिडू, चौघांचा डाव. पैसे नाहीत, शेंगासुद्धा नाहीत, पण मिलिंद खेळायला तयार नाही. म्हणून अण्णा आणि काकू एका बाजूला, मी आणि वहिनी दुसऱ्या. पहिल्याच डावात आमच्यावर कोट चढला. दुसऱ्यातही. चौथ्यानंतर वहिनी भांडी लावायला उठल्या.

मिलिंद माझ्या कानाशी म्हणाला, “लहानपणापासून हरतोय रे मी. यांची काहीतरी खूण आहे. सगळा सातारा शोधून थकला.”

अण्णांनी ऐकलं. पत्ते पिसत म्हणाले, “पुरावा?”

*

आता शेवटचा.

मिलिंदच्या लायसन्सआधी एक चाचणी होती. ट्रेनिंग हॉलमध्ये एका दुपारी खोटा कॅसिनो चालवायचा. पत्ते खरे, चिप्स बिनकिमतीच्या, खेळायला स्टाफच्या घरची माणसं. वर मिलिंद, त्याच्यामागे मरियम मॅडम. मॅडमनी त्याला एवढंच सांगितलं, “कुणी चीटिंग करत असेल तर मला दाखवा.” ब्रायननी आम्हाला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, हे झालं तर लायसन्स झालं, हे गेलं तर मी काही करू शकणार नाही.

माणसं जमवायचं काम माझ्याकडे. अल कुसैसला राहणारी दोन जोडपी हळदीकुंकू म्हणून ऐन वेळी गळाली. शेजारच्या सोफेवाल्याला आणि त्याच्या बायकोला आणून बसवलं, तरी पोकरच्या टेबलावर दोन खुर्च्या रिकाम्या. मी अण्णांना फोन लावला.

मिलिंदला सांगितलं नाही. खेळणारे कोण, हे सर्व्हेलन्सला सांगायचं नाही असा नियमच आहे. मॅडमना मात्र रीतसर सांगितलं, की हे मिलिंदचे आईवडील. मॅडम म्हणाल्या, “गुड.” त्या ‘गुड’चा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

पोकर म्हणजे आपली तीन पत्तीच, पण परदेशी शिकून आलेली. आमच्या डीलरनं अण्णा आणि काकूंना अर्ध्या तासात समजावली. काकूंनी एकच शंका विचारली. चिप उचलून म्हणाल्या, “यावर शंभर लिहिलंय. शंभर दिरम म्हणजे आपले दोन हजारांवर ना?”

मी म्हणालो, “काकू, याची किंमत शून्य आहे.”

“मग जपून कशाला खेळायचं?” काकू म्हणाल्या आणि पदर खोचून सहा नंबरच्या खुर्चीवर बसल्या. पाचवर अण्णा.

मी वर मिलिंदच्या खोलीत गेलो. त्यानं त्या टेबलाचा स्क्रीन बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

सुरुवातीला सगळं नीट चाललं होतं. मग हळूहळू टेबलावरच्या चिप्स काकूंकडे सरकायला लागल्या. काकूंकडे पान असलं की अण्णा आकडा वाढवत न्यायचे, बाकीचे इरेला पडायचे, आणि ऐन वेळी अण्णा पत्ते टाकून द्यायचे. नसलं की काकू आधीच बाहेर. दोघांनी एकमेकांकडे एकदाही पाहिलं नाही. बोलणं तर नाहीच. सोफेवाल्याची बायकोही त्या टेबलावर होती, तिच्यापुढची रास तर पार गेली.

स्क्रीनवर बसलेली जोसेलिन म्हणाली, “सर, सीट सिक्स मॅडम व्हेरी लकी.”

मिलिंदनं कॅमेरा काकूंच्या हातांवर नेला. मग डोळ्यांवर. मग अण्णांच्या मिशीवर. परत मागे नेऊन बघितलं. काही नाही. मॅडम मागे उभ्या, पापणी न हलवता.

मला त्याच्या मनातलं दिसत होतं. बोलावं, तर स्वतःच्या आईवडिलांना रेग्युलेटरसमोर लबाड ठरवायचं, तेही पुराव्याशिवाय. न बोलावं, तर नोकरी, व्हिसा, बारावी.

त्यानं फोन उचलला. “टेबल फोर. गेम थांबवा. सीट पाच आणि सहा मिळून खेळतायत.”

मॅडमनी विचारलं, “हाऊ डू यू नो?”

“ते माझे आईवडील आहेत मॅडम.”

“हा पुरावा नाही.”

“नाही मॅडम.”

“खूण काय आहे?”

“माहीत नाही मॅडम. सापडलेली नाही. पण आहे.”

मॅडम जिना उतरून खाली गेल्या. मागे मिलिंद, मागे मी. मार्बलवाल्याचं मशीन नेमकं तेव्हाच बंद पडलं. मॅडम मिलिंदकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, “मिस्टर करंदीकर, आज आम्ही कुणालाही चीटिंग करायला सांगितलेलं नाही. आम्हाला बघायचं होतं, तुम्ही न घडलेली चोरी पकडता का.”

मिलिंदचा चेहरा उतरला. ब्रायन खाली जमिनीकडे बघायला लागले. अण्णा उठून सरळ उभे राहिले, जबानी द्यायला उभे राहतात तसे, पण बोलले नाहीत.

बोलल्या काकू. चिप्सची रास दोन्ही हातांनी नीट लावत म्हणाल्या, “बेटी, हमको बोलना नहीं पड़ता.”

मॅडमनी काकूंकडे बघितलं. मग बाजूची खुर्ची ओढली, बसल्या आणि विचारलं, “खूण काय, माँजी?”

काकूंनी त्यांना जवळ बोलावलं, कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. मरियम मॅडम हसल्या. आम्ही त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

मिलिंदचं लायसन्स आलं. खूण त्याला अजून माहीत नाही. काकू सांगत नाहीत, आणि मॅडमना विचारायची कुणाची छाती नाही.

आता पदरचं काय घातलं, तेही सांगून टाकतो. मॅडम हसल्या, ते. त्या हसल्या नाहीत. कान बाजूला घेऊन त्यांनी फक्त अण्णांकडे बघितलं, बराच वेळ. आणि सगळी नोकरी जुगाराचे अड्डे मोडण्यात घालवलेला तो माणूस, अल क्वोजच्या गोडाऊनमध्ये, सगळ्यांसमोर, लाजला.