अनवाणी बेसवाला

हरेश स्टेजवर चढण्याआधी चपला काढायचा. लोकांना वाटायचं, माणूस भाविक आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं आणि मी उगाच त्याचा आदर केला. मग एकदा विचारलं, तर म्हणाला, "देव कसला रे. फळ्या कशा हलतात ते पायाला कळतं. पायाला बरोबर लागलं की मी कानाला विचारत नाही."

आमचा ऑर्केस्ट्रा वाकोल्याचा. गिरण्यांचा संप होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी लीड गिटार वाजवायचो, म्हणजे सगळ्यांच्या पुढे, चकचकीत शर्ट घालून. हरेश मनोरीचा कोळी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. तो मागे, ड्रमच्या शेजारी, बेस गिटार घेऊन. चार जाड तारा आणि त्यांतून आपलं धुम्म धुम्म. तरी गायिका सुरावरून हलली की बघायची त्याच्याकडे. शिट्ट्या मला पडायच्या, पण शिट्टी मारणारा दुसऱ्या दिवशी ओळख देत नाही. हरेशला मात्र मंडपवालासुद्धा चहा विचारून जायचा. का, ते मला तेव्हा कळायचं नाही आणि राग मात्र यायचा.

त्याच्या गिटारची मान एकदा मोडली होती. ती त्याने गावात होड्या दुरुस्त करणाऱ्या सुताराकडून जोडून घेतली होती. तारा तो कधी बदलायचा नाही. मी माझ्या नव्या तारा कौतुकाने दाखवायला गेलो, तर म्हणे, "नवी तार बोंबलते रे. जरा हाताचा घाम लागू दे, मग ती बोलते." आणि स्वतःच्या वाजवण्याबद्दल त्याचं एकच म्हणणं, "मी वाजवतोय हे कुणाला कळलं नाही तरी चालेल. मी थांबलो की नाचणाऱ्याचा पाय अडला पाहिजे, बस." हे असं सहज बोलून तो विडी पेटवायचा आणि माझ्या तोंडची चव जायची.

पण खरी जळजळ सुरू झाली ती बाबांमुळे. माझे बाबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर होते. साच्यांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. बारीक, वरच्या पट्टीचा आवाज तर अजिबात कळायचा नाही. गिरणीतली नोकरी सुटल्यावर ते घरात भिंतीकडे बघत बसायचे. एकदा मी त्यांना बळेच तालमीला आणलं. मी जीव तोडून वाजवलं. संपल्यावर त्यांनी हरेशकडे बोट दाखवलं. "हो वाजवता ता माका आयकाक येता. तू नुसती बोटां नाचयतस."

सगळे हसले. मीही हसलो. पुढचे कित्येक दिवस मी आवाज वाढवून वाजवत होतो, शेजारीपाजारी ओरडेपर्यंत. बाबा समोर बसून वाटाणे सोलायचे आणि विचारायचे, "तो हरेश कधी येतलो?"

गणपतीत आमच्याच गल्लीत कार्यक्रम होता. मी स्वतः बांधलेली एक धून पहिल्यांदा वाजवणार होतो. हरेशने बाबांना हाताला धरून स्टेजवर नेलं आणि आपल्या स्पीकरजवळ खुर्चीवर बसवलं. चपला त्यांनाही काढायला लावल्या. माझी धून सुरू झाली आणि बघतो तर काय, हा गडी आपली साथ सोडून खालच्या सुरात माझीच धून वाजवतोय. स्वरास स्वर. डोकं फिरलं माझं. माझ्या वाट्याचं एवढंसं होतं, त्यातही हा घुसला. मी रागाने मागे वळलो. बाबांचा तळवा स्पीकरच्या खोक्यावर होता, डोळे मिटलेले होते आणि मान हलत होती.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला मंडपामागे गाठलं. "माझ्या सोलोत तू कशाला नाक खुपसलंस?"

तो वायर गुंडाळत होता. "तुझा बाप मला विचारत होता, माझा झील काय वाजवता. आता हे तोंडाने काय सांगणार, यार? वाजवून दाखवलं."

मी वायरचं दुसरं टोक उचलून गुंडाळायला लागलो. आभार मात्र मानता आले नाहीत. बाबांच्या ज्या बंद दाराशी मी इतके दिवस डोकं आपटत होतो, ते त्याने जुन्या तारांनी उघडलं होतं.

हरेश पुढे परदेशी जाणाऱ्या बोटीवर वाजवायला गेला आणि तिकडेच राहिला. बाबाही गेले. पण त्या कार्यक्रमानंतरची सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. बाबा खिडकीत दाढी करत गुणगुणत होते. जाड, घोगऱ्या आवाजात, पण धून माझीच. मी मोरीच्या दारात उभा राहून शेवटपर्यंत ऐकली. शेवटी हरेशने आपल्या मनाने एक वळण घातलं होतं, माझ्या धुनेत ते नव्हतंच. बाबांनी ते सगळ्यात प्रेमाने घेतलं, आणि मग पुन्हा एकदा घेतलं.

आता मीही ती धून वळणासकट वाजवतो. दर वेळी तितकाच जळतो.