नंदू खांबेट्यांचा उजवा हात

नंदू खांबेटे एका जागी बसलेला बर्मिंगहॅममध्ये फारसा कुणी पाहिलेला नाही. बसला तरी गुडघा हलत असतो, गुडघा थांबवला तर हातातलं पेन टिकटिकायला लागतं, आणि पेन काढून घेतलं तर 'जरा बघून येतो' म्हणत तो उठतो. काय बघून येतो, हे त्याच्या बायकोला, वीणाला, लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही. बँकेच्या आयटीत त्याला उभ्याने काम करायचं डेस्क मिळालंय. ते त्याने मागितलं नव्हतं, शेजारी बसणाऱ्यांनीच मॅनेजरकडे शब्द टाकला. गिटार, बॅडमिंटन, स्पॅनिश, अलॉटमेंटमधली, म्हणजे भाड्याच्या वाफ्यातली, मेथी असं बरंच काही त्याने हौसेने सुरू केलं आणि सगळ्यातून हळूच निसटला. माणूस मनाचा अगदी लाख. फक्त शेवटपर्यंत थांबत नाही, एवढंच.

असा माणूस स्टेम सेल डोनर, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींचा दाता, झाला तो तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, आणि तोही चुकून. हॉलमध्ये दोन रांगा होत्या. एक महाप्रसादाची, ती हलत नव्हती. दुसरी भिंतीकडेची, ती भराभर पुढे सरकत होती. सरकते ती रांग आपली, अशी आपल्या लोकांची श्रद्धाच असते. नंदू तिच्यात घुसला आणि पुढच्या बाईंशी पार्किंगच्या दंडावर बोलता बोलता टेबलापाशी पोहोचला. ते डोनरच्या नोंदणीचं टेबल निघालं, आणि मसालेभाताऐवजी त्याच्या हातात कापूस लावलेली काडी आली. गालाच्या आतून फिरवा म्हणाले. मागे ओळखीचे लोक, पुढे हसऱ्या चेहऱ्याच्या मुली. आता 'मला भात हवा होता' असं कुठल्या तोंडाने सांगणार? त्याने काडी फिरवली, नाव-पत्ता दिला आणि भाताकडे धावला. तोवर भात संपून नुसतं वरण उरलं होतं. त्या दिवशी त्याला दुःख झालं ते त्याचंच.

नाताळाच्या आसपास फोन आला. एका माणसाला रक्ताचा कॅन्सर झाला होता आणि त्याच्याशी नंदूच्या पेशी जुळत होत्या. आपल्याकडची माणसं या नोंदणीत मुळातच कमी, त्यामुळे दुसरा कुणी जुळणारा नव्हता. पेशंट वयाने मोठा, पुरुष. नाव, गाव काही सांगणार नाहीत.

नंदू तिथल्या तिथे हो म्हणाला. हो म्हणण्यात तो कधीच मागे नसतो. वीणा मात्र फोनवरच्या बाईंचं सगळं ऐकून घेत होती. ठरलेल्या तारखेच्या आधी पेशंटला इतकी जबर औषधं देतात की त्याच्या हाडांच्या मगजात रक्त तयार होणं पूर्ण थांबतं. जुनं मोडायचं आणि मग नव्या पेशी द्यायच्या. या दोन्हींच्या मध्ये डोनर निसटला, तर त्या माणसाला मागे जायलाही वाट नाही.

"नंदू, नाही म्हणायचं तर आत्ता म्हण," वीणा म्हणाली. "ही मेथी नाहीये."

 नंदूचा गुडघा थांबला, असं वीणा नंतर सांगत होती.

त्यांची मुलगी सान्वी तेव्हा जीसीएसईचं, म्हणजे तिथल्या दहावीचं, बायॉलॉजी करत होती. तिने जेवणाच्या टेबलावर बाबाचा क्लासच घेतला. शरीर म्हणजे सगळ्या पेशीच, पेशीतूनच पेशी होते, आणि रक्तातल्या पेशी सारख्या मरतात म्हणून मगजात सारख्या नव्या बनवाव्या लागतात. नंदू अस्वस्थ झाला. इतकी वर्षं तो स्वतःला एक माणूस समजत होता. आता कळलं की आपण म्हणजे अब्जावधी सभासदांची सहकारी सोसायटी आहोत, आणि खांबेटे हे नुसते मानद अध्यक्ष. सभासद रात्रंदिवस काम करतात, मरतात, जागा भरल्या जातात, आणि अध्यक्षांना साधी नोटीससुद्धा येत नाही.

"आणि बाबा, त्याच्या ब्लडमध्ये नंतर तुझा डीएनए असेल," सान्वी म्हणाली.

हे मात्र नंदूने फार मनाला लावून घेतलं. बसमध्ये आपल्याकडचा कुणी दिसला की तो त्याच्याकडे टक लावून बघायला लागला. हाच तर नसेल? उद्या हा बिचारा बरा होऊन घरी गेला आणि जेवणावरून तीनदा उठायला लागला तर त्याच्या बायकोने कुणाला धरायचं?

सांगलीला आईला, म्हणजे आशाताईंना, फोनवर सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, त्या माणसाचं गोत्र बदलतं का? नंदू म्हणाला, आई, फक्त रक्तगट बदलू शकतो. हे ऐकून त्या आणखी घाबरल्या. लेकराने अंगातलं काही काढून परक्याला द्यावं, तेही नाव-गाव माहीत नसताना, हे त्यांना पटेना. परवानगी देत नाही आणि अडवतही नाही, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग आली संक्रांत. पेशंटची औषधं सुरू झाली होती आणि नंदूला सर्दीखोकल्यापासून लांब राहायला बजावलं होतं. जानेवारीत बर्मिंगहॅममध्ये सर्दीपासून लांब राहायचं म्हणजे घरात कडी लावूनच बसायला हवं. नंदूला बसणं जमत नाही म्हणून तो मंडळाच्या हॉलवर गेला, तोंडाला मास्क लावून दारातच उभा राहिला आणि कुणाच्याही हातचा तिळगूळ घेईना. सुमेधाताई, मंडळाच्या अध्यक्षा, वडी पुढे करून उभ्या आणि हा दोन पावलं मागे. गोड बोलायच्या दिवशी खांबेटे शिष्टपणा करतात, अशी चर्चा चहाच्या रांगेत झालीच. कुणी शिंकलं की नंदू दाराबाहेर, थंडीत. शेवटी वीणाने त्याला घरी नेलं.

त्यानंतर इंजेक्शनं सुरू झाली. मगजाने पेशी जास्त तयार करून रक्तात सोडाव्यात म्हणून नर्स रोज घरी येऊन पोटावर टोचून जायची. हाडं आतून ठणकायला लागली. कंबर, मांड्या, बरगड्या, सोसायटीत ओव्हरटाइम चालल्यासारखं झालं. बसवेना, निजवेना, आणि गंमत म्हणजे चालवेनाही. उठायची सवय असलेल्या माणसाला उठून जायला जागाच उरली नाही, कारण दुखणं बरोबर यायचं. तो खिडकीशी उभा राहून म्हणायचा, "त्याचं आत्ता काय चाललं असेल गं?" 

पेशी काढून घ्यायच्या लंडनच्या सेंटरमध्ये त्याला पलंगावर निजवलं. दोन्ही हातांत सुया. एका हातातून रक्त मशीनमध्ये जायचं, मशीन हव्या त्या पेशी वेगळ्या काढून घ्यायचं आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत यायचं. जवळजवळ दिवसभर पडून राहायचं. डाव्या हाताची बोटं हलवली तर चालतील, उजवा कोपर मात्र वाकवायचा नाही. मॉरीन नावाची आयरिश नर्स होती, गप्पिष्ट आणि मायाळू, आणि तिथेच घोटाळा झाला. तिने विचारलं, तू डोनर कसा झालास? नंदूला हाताशिवाय गोष्ट सांगता येत नाही. भाताची रांग दाखवायला उजवा हात उचलला आणि मशीन बोंबललं. मॉरीनने हात सरळ केला, मशीन चालू केलं. काडी फिरवून दाखवताना पुन्हा बोंबललं. सुमेधाताईंच्या तिळगुळाला तर मशीन बराच वेळ रुसलं. वीणाने डोळे वटारले, मॉरीन हसून घेत होती, आणि पिशवीत पेशी जमत होत्या.

संध्याकाळी हॉटेलवर फोन आला. पेशी मोजून झाल्या होत्या. कमी पडल्या. आणखी एक इंजेक्शन, आणि उद्या पुन्हा या.

हे बऱ्याच जणांचं होतं, तुझी चूक नाही, असं फोनवरच्या बाई दोनदा म्हणाल्या. नंदूने ऐकलं नाही. तो पलंगाच्या कडेला बसला आणि आपल्या उजव्या हाताकडे, दुसऱ्या कुणाचा असावा तसा, बघत राहिला.

"त्या माणसात आता काहीच नाहीये, वीणा," तो म्हणाला. "रिकामा पडलाय तिकडे. आणि मी इथे तिळगुळाची नक्कल करत होतो."

वीणा एरवी अशा वेळी टोमणा मारते. या वेळी तिने त्याच्या पाठीला शेकायची पिशवी लावली आणि म्हणाली, "उद्या गोष्टी मी सांगेन. तू पडून राहा."

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. नाकाला खाज सुटली तर वीणाने खाजवलं. मशीनमधल्या औषधाने ओठांना मुंग्या आल्या, मॉरीनने कॅल्शियम दिलं. वीणाने गिटारची गोष्ट सांगितली आणि ती सगळी चुकीची सांगितली. मध्ये दोन ठिकाणी दुरुस्ती करण्यासाठी नंदूचे खांदेसुद्धा फुरफुरले, पण उजवा हात काठीसारखा सरळ. कपाळावर घाम आला होता. डोंगर चढणाऱ्याला येत नसेल तेवढा घाम त्या माणसाला नुसतं पडून राहण्याने आला. मशीन एकदाही बोंबललं नाही. मॉरीनने शेवटी सुया काढल्या तेव्हाही कोपर लगेच वाकेना.

संध्याकाळी फोन आला. पुरेशा आहेत, डबा घेऊन माणूस निघालासुद्धा. नंदूने विचारलं, कुठे? ते सांगता येत नाही. मग, रुजतील का? तेही इतक्यात कळणार नाही. रक्तातून वाट काढत मगजापर्यंत त्यांच्या त्यांनाच जावं लागतं, काही आठवडे थांबावं लागेल, आणि तिकडच्या हॉस्पिटलने परवानगी दिली तरच तुम्हाला कळवू.

आठवडे थांबायचं, हे ऐकून नंदू उठला आणि हॉटेलच्या त्या एवढ्याशा खोलीत फेऱ्या घालू लागला. तेवढ्यात सांगलीहून आशाताईंचा फोन. किती वेळ लागला, किती दुखलं, जेवलास का, सगळं विचारून झालं. मग त्या म्हणाल्या,

"संध्याकाळी दिवा लावते तेव्हा तुझं नाव घेते, वीणाचं घेते, सान्वीचं घेते. त्याचं काय नाव सांगू?"

"आई, नाव सांगतच नाहीत गं."

"मग 'नंदूचा कुणीतरी' म्हणून सांगते. देवाला कळेल."

 नंदूने फोन वीणाच्या हातात दिला आणि पुन्हा फेऱ्या सुरू केल्या, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. वीणाने त्याला बस म्हटलं नाही.