थांबा, त्या बोलतायत

"थांबा, त्या बोलतायत," असं म्हणून समोरचे काका माझ्यापुढे तळहात धरायचे. 'त्या' म्हणजे माझी लेक रेवा, तेव्हा चार महिन्यांची.

तुमच्याही सोसायटीत असे एक काका असतीलच, मोठ्यांशी बोलताना शब्द वाचवणारे. लिफ्टमध्ये कुणी "कसे आहात?" विचारलं, तर म्हणायचे, "दिसतोय तसा." पण बाळ दिसलं की माणूस पार विरघळायचा!

हडपसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळ झाली की रेवा भोकाड पसरायची. मी तिला घेऊन पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालायचे. एक कान ऑफिसच्या मीटिंगमध्ये, दुसरा तिच्या रडण्याकडे. मोबाईलवर अंगाई लावून पाहिली. छे! बाई आणखीच तापायच्या. मग काकांचं दार उघडायचं. "अहो रेवाताई, काय तक्रार आहे?" की ही गप्प. त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायची. आणि काका बेसूर गायला लागले, "दूऽध प्यायलात का होऽ", की आनंदानं पाय झाडायची. मधेच ते थांबायचे, उत्तराची वाट बघत. मला कुठला धीर? मीच म्हणायचे, "हो काका, प्यायली." लगेच तळहात वर. "तुम्हाला विचारलंय का?" आणि खरंच, जरा वेळानं रेवा म्हणायची, "अंगूऽ."

मग काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ काढली, पण आवाज कायमचा गेला. घरी आले ते दार लावूनच बसले. संध्याकाळी रेवा त्या दाराकडे मान वळवून रडायची आणि माझा जीव नुसता खालीवर व्हायचा. बेल वाजवू? की नको? काकू म्हणाल्या, "नको गं आणूस तिला. आपला आवाज आला नाही तर ती घाबरेल, याचीच धास्ती घेतलीय त्यांनी."

परवा रेवा काही केल्या थांबेना. मलाही राहवेना. दाबली बेल. दार काकांनीच उघडलं, गळ्याला मफलर गुंडाळलेला. आम्हाला बघून ते मागे फिरणार, तेवढ्यात रेवा रडायची थांबली. काकांचे ओठ हलले. आवाज नाहीच. रेवा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, वाट बघत. का आणलं मी हिला? "येते काका," म्हणत मी घाईघाईनं वळले.

माझ्या खांद्यावरून मागे बघत रेवा म्हणाली, "अंगूऽ."

काकांनी झटकन पुढे येऊन माझ्यापुढे तळहात धरला.