तापलेले दगड आणि सासूबाईंची बाटली

परवा एका ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, चित्रं नसलेले ते जुने कॉम्प्युटर गेम घरगुती मशीनपैकी कोणकोणत्यांवर निघाले होते. मी लिहिलं, टीआरएस-८० आणि ॲपल टू... बाकीची ठाऊक नाहीत. लगेच एकाने विचारलं, काकू, तुम्हाला हे कसं माहीत?

सांगते. १९७९ चा मे महिना, सोलापूर. हे जाऊन वर्ष होत आलं होतं. माझे धाकटे दीर, वसंतभाऊजी, अमेरिकेत. भावाच्या शेवटच्या वेळी त्यांना येता आलं नाही, आणि तेव्हापासून त्यांचं पत्रच नव्हतं. सासूबाई रोज पोस्टमनच्या वेळेला दारात जाऊन बसायच्या आणि तशाच आत यायच्या.

मग एक दिवस पत्र आलं... तेही माझ्या नावाने. सांत्वनाचा शब्द नाही, सगळं एका खेळाबद्दल. टीआरएस-८० नावाचं मशीन घेतलंय, त्यावर गुहेचा गेम आहे. तुम्ही कुठे आहात ते मशीन लिहून सांगतं, आपण दोन शब्दांत उत्तर द्यायचं. दिवा घे. उत्तरेला जा. एका जागी तापलेले दगड लागतात, तिथे ते अडले होते. शेजाऱ्याकडे ॲपल टू होतं, त्यावरही हाच गेम आला होता आणि तोही तिथेच अडला होता. वहिनी, तुम्ही रहस्यकथा वाचता, काही सुचतं का?

माझी शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं लायब्ररीतल्या पुस्तकांवर शिकले. पण मला काही सुचेना. भाऊजींनी वाटेतल्या जागा लिहिल्या होत्या, त्या सासूबाईंना वाचून दाखवल्या. रिकामी बाटली, झरा, भुयार, तापलेले दगड...

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "पानी दिसलं आन् भरून न्हाय घेतलं? बाटली हाय की जवळ."

"अहो, खेळ आहे तो."

"असंना का. नळ आला की आपण तांब्यासुद्धा भरून ठिवतो. लई शाना झालाय तितं जाऊन. लिही त्याला."

मी लिहिलं, बाटली भर, पाणी ओत, असं आई म्हणतात. ह्यांच्याबद्दल मलाही काही लिहिता आलं नाही.

तीन-साडेतीन आठवड्यांनी जाड पाकीट आलं. दगड निवले, वाट उघडली होती... शेजाऱ्याच्या मशीनवरसुद्धा. इथे नळाला चोवीस तास पाणी असतं, सवय मोडली, आईला सांगा, असं लिहिलं होतं.

आणि सोबत एक वेगळा कागद, आईच्या नावाने. त्यात भावाबद्दल पहिल्यांदाच लिहिलं होतं. दादाने सायकल शिकवताना मागचा हात कधी सोडला, ते मला कळलंच नाही, असं.

सासूबाईंनी तो कागद दोनदा वाचायला लावला. दुसऱ्या वेळी सायकलच्या ओळीशी मी कागद खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "दम घे की. घाई कुटं हाय."

त्यानंतर सासूबाई होत्या तोवर महिन्याला एक पत्र येत राहिलं. तो गेम कुणी बनवला, मला आजही माहीत नाही. त्या माणसाचे आभार मानायचे राहिले होते... ते आज इथे मानते.