आईच्या नावाची पातोडी

माझ्या धाकट्या बहिणीनं, वैशूनं, मालवणात हॉटेल काढून दोन वर्षं झाली. ती बोलवत होती, मी शाळेची कारणं सांगत होते. खरं म्हणजे तिचे फोटो पाहूनच माझा जळफळाट व्हायचा. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत नवऱ्यानं परस्पर तिकिटं काढली.

देऊळगाव राजाहून एसटीनं जालना, तिथून रेल्वेनं मुंबई, मग कोकण रेल्वेनं कुडाळ आणि पुन्हा एसटी. दीड दिवस धरा. शेवटचा रस्ता वळणांचा आहे, गाडी लागत असेल तर खिडकी पकडा.

हॉटेल म्हणजे तिच्या सासरची पडवी. सहा टेबलं, समोर समुद्र. इथे ताट मिळत नाही. लहान लहान बशा येतात, त्या सगळ्यांनी मिळून खायच्या. बशी दोनशेच्या आसपास. कोळंबी, तिसऱ्यांचे शिंपले, फणसाचे काप असं करत चार बशा झाल्यावर नवरा सरसावून बसला. "चाखून झालं. आता जेवाले वाढ."

"भाऊजी, हेच जेवन हाये!"

"मंग भाकर कवा येते?"

शेजारच्या टेबलावरचे पाहुणेही हसले.

मग पाचवी बशी आली. बेसनाच्या तीन वड्या, नारळाच्या रसात, वर कोकमाचे थेंब. कार्डावर नाव होतं, 'आईची पातोडी'.

माहेरी, जानेफळला, आई शेतात जायची. चुलीवर बेसन घोटायची ती मी, थापायची ती मी. वैशू परातीशी बसून वड्यांच्या कडा खायची. आणि आता शेजारच्या टेबलावरच्या बाई तिला म्हणत होत्या, "आईंच्या हाताला काय चव असेल हो!"

"हो ना," वैशू शुद्ध मराठीत म्हणाली.

पातोडी सुंदर झाली होती, हे त्याहून वाईट.

सकाळी ती नारळ खवत असताना विचारलंच. "काऊन वं वैशू, आईनं कवा केल्या पातोड्या?"

तिनं मान वर केली नाही. "लोक आईच्या नावानं मांगतात, ताई. ताईच्या नावानं कोन मांगन?"

निघताना तिनं कोकमाची पिशवी दिली, मी घेतली.

घरी आल्यावर रविवारी पातोडी केली. आपली, तर्रीची. नवऱ्यानं भाकरी कुस्करून पोटभर खाल्ली आणि म्हणाला, "वा! अगदी वैशूसारखी जमली तुले."

मी त्या दिवशी भांडी जरा जोरात घासली.

तर मालवणला जरूर जा. बशा लहान असल्या तरी चवीला तोड नाही, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. फक्त मागवताना 'ताईची पातोडी' म्हणा. वाढणाऱ्याला समजणार नाही. तो आत वैशूला विचारायला जाईल. जाऊ द्या.