पत्र्याखालची झोळी

लातूरला पंचवीस वर्षं आमचं किराणा दुकान होतं. दर शनिवारी मी लिंबू-मिरची विकली, पण स्वतःच्या दुकानाच्या दाराला एकदाबी लटकवली नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, तुमच्या दाराला का न्हाई?" मी म्हणायची, "इकणाऱ्याला नजर लागत न्हाई." भूत, करणी, अंगात येणं… दुकानात बसलं की हे सगळं रोज कानावर पडतं. मी प्रत्येक गोष्ट तागडीत घालून बघितली. वजन काही भरलं नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचायला मी पुड्या बांधायच्या रद्दीवर शिकले, त्यामुळं लिहिण्यातल्या चुका सांभाळून घ्या. ह्या ग्रुपवर मी वर्षभर नुसती वाचत असते. खरं सांगू का, तुमच्यातल्या अर्ध्या लोकांचे अनुभव मला पटत नाहीत. आता माझा सांगते. तुम्हाला नाही पटला तर मी रागावणार नाही.

आमचे मालक वारल्यावर दुकान मोडलं. मुलगी उदगीरला दिलेली, म्हणून मी नांदेडला मुलाकडं आले. मुलगा बसवराज — आमचा बसू — रोज मुदखेडला नोकरीला जातो. सून अश्विनी अर्धापूरची. मालेगाव रोडच्या बाजूला आम्ही भाड्यानं राहत होतो. घर नीट डोळ्यापुढं आणा, म्हणजे पुढचं कळेल. पुढं हॉल, मधी बेडरूम, ह्या दोन खोल्यांवर स्लॅब. मागं स्वयंपाकघर, त्याच्यावर पत्रे. त्याच्या मागं परस, परसाला कंबरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडं नसीमआपाचं घर. स्लॅबच्या मागच्या कडेला विटांचे चार खांब, खांबांवर शहाबादी फरशी आणि फरशीवर हजार लिटरची काळी टाकी. म्हणजे टाकी बरोब्बर आमच्या पत्र्याच्या डोक्यावर.

ही टाकी मी रोज बघत होते. कपडे वाळू घालताना तिच्याच सावलीत उभी राहायची. पण भ्यायची ती स्लॅबला.

याचं कारण सांगावं लागंल. माझं माहेर किल्लारीजवळचं. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी माहेरीच होते, सोबत माझी पहिली मुलगी मंगल, अकरा महिन्यांची. तिची झोळी आढ्याला बांधलेली. भूकंपाच्या आधी कितीतरी महिने आमच्या भागात जमीन हलायची. हलली की उतरंडीतली भांडी वाजायची. पहिल्यांदा भ्यालो, पुढं सवय झाली. भांडी वाजली की माझा बाप म्हणायचा, "गाडी गेली." अन् आम्ही हसायचो.

त्या पहाटेबी भांडी वाजली. मी जागी झाले. मनात म्हटलं, गाडी गेली. अन् कूस बदलली.

मला ढिगाऱ्यातून मामानं ओढून काढलं. मंगलला दुपारी काढलं.

नंतर आम्ही पत्र्याच्या शेडमधी राहिलो. तिथं बापानं एक गोष्ट सुरू केली. पितळी ताटात एकावर एक पाच गिलास, एक उलटा एक सुलटा, अन् सगळ्यात वर गडू. जमीन नुसती थरथरली तरी सगळं ताटात कोसळणार. बापानं नियम घालून दिला — हे वाजलं की विचारायचं नाही, चप्पल बघायची नाही, गॅस-चूल बघायची नाही. लेकरू घ्यायचं अन् उघड्यावर पळायचं. "गाडी गेली" हा शब्द तो पुन्हा कधीच बोलला नाही.

ते ताट मी लातूरला नेलं, नांदेडलाबी आणलं. हॉलमधी शोकेसवर मांडून ठेवलं. अश्विनी नवीन लग्न होऊन आली तेव्हा बघतच राहिली. मी तिला भूकंपाचं सांगितलं, मंगलचं सांगितलं नाही. बसूलाबी एवढंच माहीत की एक बहीण होती अन् लहानपणी गेली. तिचं नाव मी घरात घेत नव्हते. का, ते मला विचारू नका.

अश्विनी तोंडाची फटकळ, पण मनानं लोणी. तिनं त्या ताटाला नाव ठेवलं टॉवर. सकाळी चहा देताना विचारायची, "आई, आज टॉवरला रेंज हाय का?"

मी म्हणायची, "हाय. तुझ्या बापाला लावू का फोन?"

असं आमचं चालायचं. भांडण एकाच गोष्टीवर झालं. नात झाली, तिला आम्ही चिंगी म्हणतो. अश्विनीला झोळी बेडरूममधी बांधायची होती, फॅनखाली. मी अडून बसले. म्हटलं, "स्लॅबखाली लेकरू झोपणार न्हाई. पत्रा पडला तर खोक पडती, स्लॅब पडला तर…" झोळी स्वयंपाकघरात बांधली, पत्र्याच्या लोखंडी पाईपाला. भूकंप बघितलेला कुठलाबी माणूस हेच करंल. पत्र्यावर आमचा विश्वास फार.

म्हणजे लेकराला टाकीखाली मी नेऊन ठेवलं. हे मी स्वतःहून कबूल करते.

त्या दिवशी सोमवार होता. मी सकाळीच मागच्या दारानं महादेवाच्या देवळात गेले होते. संध्याकाळी अश्विनीच्या माहेरची माणसं यायची होती, म्हणून परतताना कोथिंबीर घेतली अन् मागच्या बोळातून परसात आले, थेट स्वयंपाकघरात. सकाळपासून हॉलमधी माझं पाऊल पडलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा. नळाला दोन दिवसांनी पाणी आलं होतं. मोटार लावून टाकी काठोकाठ भरली होती.

बारा वाजत आले होते. अश्विनी गॅसपाशी धपाटे लावत होती. मी खाली बसून कोथिंबीर निवडत होते. माझ्यापासून हातभर अंतरावर चिंगी झोळीत झोपलेली, तिचा एक पाय झोळीच्या बाहेर.

अन् टॉवर पडला.

आधी गडू, ठण्णकन. मग गिलास, एकामागं एक. शेवटचा गिलास ताटात गरागरा फिरत राहतो अन् मग थांबतो. तो आवाज मी दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईला ऐकते. झोपेत ऐकला तरी ओळखीन. आवाज हॉलमधून आला.

मी कधी उठले मला आठवत नाही. चिंगीला पायाला धरूनच झोळीतून बाहेर ओढली, अशी ओढली की ती किंचाळली. ओरडले, "अश्विनी, पळ!" दारात जाऊन मागं बघते तर ही गॅसपाशी उभीच! हातात कालथा, तोंड हॉलकडं. मला वाटलं, गॅस बंद करायला थांबली. परत गेले, तिची वेणी मनगटाला गुंडाळली अन् ओढत परसात आणली. आयुष्यात पहिल्यांदा सुनेच्या केसाला हात घातला.

भिंतीवरून नसीमआपा बघत होत्या. कपडे धुवायच्या दगडावर चढून उभ्या होत्या, हातात चमचा तसाच. "अगे महानंदाबाई! बरतन फेके सो फेके, अब बहू को मारते क्या? छोडो उसके बाल—"

त्यांचं बोलणं पुरं झालं नाही.

टाकी पडताना आवाज कसा येतो, मला सांगता यायचं नाही. धप्प म्हणू की काय म्हणू… विटा, फरशी, पत्रा, पाणी सगळं एकदम. दारातून पाण्याचा लोंढा आमच्या पायावर आला, त्यात धपाट्याचं पीठ, कोथिंबीर अन् एक तवा. सिलिंडर परसात होतं, ते मी आधी बंद केलं. मग आत डोकावले. पत्रा मधोमध दुमडून खाली टेकला होता. झोळीचा पाईप वाकून जमिनीला लागला होता. झोळी त्याच्याखाली होती… फरशीचा तुकडा तिच्यावर.

चिंगी माझ्या खांद्यावर रडत होती. पायाला धरून ओढलं म्हणून रडत होती. दुसरं काही नाही. एक ओरखडा नाही.

गल्ली गोळा झाली. कोणी पाणी काढलं, कोणी बसूला फोन लावला. नसीमआपानं आम्हाला चहा पाजला अन् चारदा म्हणाल्या, "मैं समझी सास-बहू का झगडा हुआ." मी म्हटलं, "आपा, तुम्ही भांडी पडताना ऐकलं?" "सुनी ना! इसी लिए तो पत्थर पे चढी. लगा के पूरी मांडणी गिरा दी किसीने."

थोडं शांत झाल्यावर मी हॉलमधी गेले. म्हटलं, गिलास उचलून ठेवावे, कोणाच्या पायात येतील.

जमिनीवर एक गिलास नाही. शोकेसवर बघितलं तर ताटबी नाही. तिथं प्लास्टिकच्या फुलांची कुंडी.

"अश्विनी, टॉवर कुणी उचलला?"

ती दारात उभी होती. तोंड पांढरं फटक. ती बेडरूममधी गेली, कमरेची किल्ली काढली, लोखंडी कपाट उघडलं. खालच्या खणात जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं. गाठी सोडल्या. ताट, पाच गिलास, गडू.

"आई, रागावू नका. पाव्हणे येणार म्हणून मी सकाळीच काढून ठेवला होता. उद्या परत मांडणार होते, शप्पथ…"

मी पलंगावर बसले. म्हटलं, "मंग आपण ऐकलं ते काय?"

"मला काय ठाऊक! मी बी ऐकलं. पण तुम्हाला वाटलं टॉवर पडला, तुम्ही पळालात. मला ठाऊक होतं तिथं काहीच न्हाई. किल्ली माझ्या कमरेला. म्हणून तर माझे पायच हालंनात, आई. तुम्ही केस धरले नसते तर मी अजून तिथंच उभी असते."

एवढं बोलली अन् रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. तिला म्हटलं, "वेणी दुखती का?" तर रडता रडता म्हणती, "मुळासकट उपटली की हो."

संध्याकाळी तिला मंगलचं सांगितलं. सगळं. कूस बदलली तेसुद्धा. तिच्या माहेरची माणसं बाहेर बसूशी बोलत होती, मी अन् ती कपाटापाशी खाली बसलो होतो. तिनं एकच विचारलं, "कशी दिसायची?" मी म्हटलं, "चिंगीवाणी न्हाई. मंगल काळी होती. माझ्यावर गेलती."

आता तुम्ही म्हणाल, शेजारी कुठं भांडी पडली असतील. मीबी आधी हेच म्हटलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या झाडून सगळ्या घरी जाऊन विचारलं. त्या वेळी कोणाच्याच घरी काही पडलं नव्हतं. बसू म्हणाला, "खांब कलताना पत्रा वाजला असंल." अरे बाबा, शेडमधी मी पत्र्याखालीच राहिलेली बाई हाय. उन्हात वाजणारा पत्रा वेगळा, वाऱ्यात वाजणारा वेगळा, मांजर चाललेला वेगळा. हे सगळे आवाज मला कळतात. अन् ताटात गरागरा फिरणारा गिलास पत्रा कुठून आणणार? मिस्त्री येऊन बघून गेला. म्हणाला, खालची वीट भुगा झाली होती, टाकी भरली अन् बसली. आधी आवाज येतो का विचारलं तर म्हणाला, "मावशी, आला असता तर टाक्यांखाली एवढी माणसं मेली असती का."

कोणी म्हणंल, वहिमानं कान वाजले. माझे वाजले असतील, मी मान्य करते. अश्विनीचे? तिला तर टॉवर कपाटात असल्याचं पक्कं ठाऊक होतं. आणि नसीमआपांचे? त्यांना टॉवर नावाची गोष्टच माहीत नव्हती. तीन बायकांनी एक आवाज ऐकला अन् तो आवाज करणारी भांडी लुगड्यात बांधून कुलपात. हे वजन मी पुन्हा पुन्हा केलं. तागडी काही जुळत नाही. कोणापाशी उत्तर असलं तर खाली लिहा, मी वाचीन. पण मला पटंलच असं नाही.

अश्विनी मात्र काहीच विचारत नाही. तिचं तिनं ठरवून टाकलंय. ते मला कसं कळलं, तेवढं सांगते अन् थांबते.

ते घर आम्ही महिन्याच्या आत सोडलं. नवीन घर बघायला गेलो तेव्हा घरमालकीण चौकस निघाली. पाणी किती लागंल त्याचा अंदाज म्हणून एकेकाची विचारपूस करून राहिली. घरात माणसं किती? बसू म्हणाला, चार. मग ती अश्विनीकडं वळली. "नणंदा हायत का? येत-जात असतील की?"

"दोन हायत," अश्विनी म्हणाली. "धाकटी उदगीरला दिलीया. दिवाळीला येती."

"अन् थोरली?"

"थोरली घरीच असती."

बसूनं चमकून बघितलं. मालकिणीनं बोटांवर मोजलं, "मंग चार कुठं? पाच झाले की." अन् माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

मी म्हटलं, "हाव. पाच."